पुसलेल्या टेपा आणि ऐकणारे कान

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली तेव्हा माळ्यावर बुटांच्या खोक्यात ४१ कॅसेट सापडल्या. ही २०१७ सालची गोष्ट. बाबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आईला जाऊन तीन. प्रत्येक कॅसेटवर बाबांच्या तिरप्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ‘भावसरगम’, ‘नाट्यसंगीत, रात्रीचं’, ‘श्रुतिका – शेवट नाही, वीज गेली’. आणि एका कॅसेटवर : ‘हिचं भाषण. वनिता मंडळ. १९७८. पुसू नये.’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.

ती कॅसेट हातात घेतली तेव्हाच तिच्यात काय आहे हे मला ठाऊक होतं. तिच्यात विविध भारतीवरची सिनेमाची गाणी आहेत. ती मी १९८१ साली, बारा वर्षांचा असताना, टेप केली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही टेप होत नाही. बाबांनी ते आठवणीनं मोडले होते. मी त्या भोकांवर सेलोटेप चिकटवला. कोरी कॅसेट महाग होती, घरात दुसरी नव्हती, आणि आईचं भाषण तर काय, आई घरातच होती.

ही कबुली आधी देऊन टाकली, कारण पुढे मी मुंबईच्या नभोवाणीनं आणि दूरदर्शननं काय जपलं नाही याबद्दल बोलणार आहे, आणि तसं बोलताना माणूस चटकन न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्या खुर्चीवर माझा हक्क नाही. गेली काही वर्षं मी या शहराच्या प्रक्षेपणाच्या इतिहासाचे सांगाडे गोळा करतो आहे. त्यातून माझ्यापुरता एक निष्कर्ष निघाला : मुंबईच्या हवेत उमटलेले जे आवाज आज शिल्लक आहेत, त्यांतले कितीतरी बोलणाऱ्यांनी जपलेले नाहीत, ऐकणाऱ्यांनी जपलेले आहेत. आणि ऐकणारे नेहमी प्रेमानंच ऐकत होते असंही नाही.

सुरुवातीपासून पाहू. मुंबईत रेडिओ आला तो सरकारतर्फे नव्हे, हौशी मंडळींमुळे. जून १९२३ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’नं कार्यक्रम प्रक्षेपित केले, देशातल्या पहिल्या प्रक्षेपणांमध्ये त्यांची गणना होते. कलकत्त्याचा क्लब त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि मद्रासचा त्याच्या पुढच्या वर्षी बोलू लागला. मग २३ जुलै १९२७ रोजी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चं मुंबई केंद्र सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. प्रक्षेपकाची ताकद दीड किलोवॅट. त्या दिवसाची आठवण म्हणून २३ जुलै हा आजही राष्ट्रीय प्रसारण दिन मानला जातो.

त्या दिवशी मुंबईनं काय ऐकलं? माझ्या हाती लागतात ते फक्त कागद. तेव्हाचा रेडिओ म्हणजे बोलला तो शब्द आणि गेला तो शब्द. गवई स्टुडिओत येत, गात आणि टांग्यात बसून घरी जात. कंपनीनं आपलं कार्यक्रमपत्रक मात्र छापलं. जुलै १९२७ मध्येच ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे पाक्षिक निघालं. पुढे १९३५ च्या डिसेंबरात त्याचं ‘इंडियन लिसनर’ झालं आणि नंतर ‘आकाशवाणी’. यातले अनेक जुने अंक आता इंटरनेटवर पानोपानी पाहता येतात. संध्याकाळी किती वाजता कुणाचं गाणं, कुणाचं व्याख्यान, मराठीत काय, गुजरातीत काय, सगळं त्यात आहे. एखाद्या उपाहारगृहाचा जुना मेनू सापडावा आणि जेवण मात्र कुणी कधीच चाखलेलं नसावं, तसं ते वाचताना वाटतं.

कंपनी तीन वर्षंही टिकली नाही. भांडवल अपुरं, आणि परवाना घेणारे श्रोते काही हजारांच्या घरात. १ मार्च १९३० रोजी तिनं दिवाळं जाहीर केलं. १ एप्रिलपासून सरकारनं केंद्रं चालवायला घेतली. तरी ऑक्टोबर १९३१ मध्ये खर्च झेपत नाही म्हणून ती बंद करण्याचा हुकूम निघालाच. तो मागे घ्यावा लागला तो श्रोत्यांनी आणि रेडिओ विकणाऱ्या दुकानदारांनी आरडाओरडा केला म्हणून. इथे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी मुंबईचा रेडिओ वाचवला असं म्हणायला हरकत नाही. त्यात दुकानदारांचा स्वार्थ होता, हे खरं. पण जतनाच्या इतिहासात स्वार्थाला हिणवू नये. पुष्कळ गोष्टी त्याच्याच कृपेनं टिकल्या आहेत.

या श्रोत्यांची एक नोंद मात्र हजारो घरांत पडून असते : परवान्याची वही. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला ठरावीक रक्कम, अगदी सुरुवातीला १० रुपये, टपाल कचेरीत भरायची. पुढच्या काळात छोट्या वहीवर तिकिटं चिकटवून शिक्का मारून मिळे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. आमच्या वहीत सेटचा मेक लिहिलेला आहे, ‘मर्फी’, आणि मालक म्हणून आजोबांचं नाव. जुन्या घरांतल्या अशा वह्या जमवून, पत्ते वाचून, कुठल्या वाडीत, कुठल्या गल्लीत रेडिओ केव्हा पोचला याचा नकाशा करता येईल. मी गिरगावापुरता तो सुरू केला आहे. अजून सतरा वह्यांच्या पुढे गेलेलो नाही. लोक दागिने दाखवतात, पण परवान्याची वही दाखवायची म्हटली की त्यांना संशय येतो.

आता ज्या प्रकरणानं मला या विषयात खेचलं, त्याकडे येतो. आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर, विठ्ठलभाई पटेल रस्त्याच्या बाजूला, पारेखवाडी आहे. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तिथे पोलिसांचा छापा पडला आणि ‘काँग्रेस रेडिओ’ बंद झाला.

८ ऑगस्टला गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, दुसऱ्या पहाटे नेते पकडले गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधनं आली. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर एका तरुणीचा आवाज ऐकू आला : हा काँग्रेस रेडिओ, हिंदुस्थानातून कुठून तरी. त्या उषा मेहता, वय २२. सोबत विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर. मागे राममनोहर लोहियांसारखे नेते. आणि यंत्रसामग्रीसाठी ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवानी. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवणारी हीच पेढी. चौपाटीच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून सुरुवात झाली, मग पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक शहरभर घरं बदलत राहिला. बातम्या देशभरातून येत : चितगावचे बॉम्बहल्ले, जमशेदपूरचा संप, आणि आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीचे अत्याचार. छापखान्यातल्या मराठी पत्रांना चिमूरबद्दल जे लिहिता येत नव्हतं ते मुंबईतल्या एका फ्लॅटमधून हवेत बोललं जात होतं.

तीन महिन्यांहून कमी काळ चाललेल्या या केंद्राची दप्तरं कोण ठेवणार? गुप्त काम करणारा माणूस कागद जाळतो, जपत नाही. तरीही काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं हे आज बऱ्याच तपशिलानं वाचता येतं, कारण पोलीस रोज ऐकत होते. खटला भरायचा तर पुरावा हवा. म्हणून ते प्रक्षेपण पकडून, टिपून, टंकलिखित करून ठेवत. तेच कागद खटल्याबरोबर टिकले. उषा ठक्कर यांनी २०२१ मध्ये काँग्रेस रेडिओवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यालाही या पोलिसी नोंदींचाच मोठा आधार आहे.

मला यात नुसता काव्यात्म न्याय दिसत नाही, त्यात धडधडीत अडचणही आहे. पोलिसाचा कान म्हणजे गुन्ह्याचा कान. त्याला घोषणा, हिंसेची चिथावणी, नेत्यांची नावं ऐकू येतात. सुरुवातीला आणि शेवटी लावलेलं गीत, बोलणारीचा थरथरणारा किंवा न थरथरणारा स्वर, मधला खोकला, हे त्याच्या कामाचं नसतं. उषाबेन पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत, मणिभवनाशी त्यांचा जन्माचा संबंध राहिला, त्या २००० सालापर्यंत होत्या, आणि उत्तरायुष्यातल्या त्यांच्या मुलाखती आहेत. तो आवाज ऐकून आपण बावीस वर्षांच्या आवाजाची कल्पना करतो, इतकंच.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट वेगळी व्हायला हवी होती. आकाशवाणीनं १९५४ मध्ये ध्वनिमुद्रणं राखण्यासाठी आणि केंद्राकेंद्रांत देवाणघेवाण करण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. गांधी-नेहरूंची भाषणं, थोर गवयांच्या बैठका त्यामुळे राहिल्या, आणि आज प्रसार भारतीच्या संग्रहातलं पुष्कळ काही सीडीवर, यूट्यूबवर आपल्यापर्यंत येतं. हे ऋण लहान नाही. पण काय राखायचं हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थोरांची यादी असते. राष्ट्रपतींचं भाषण राहतं. ‘कामगार सभे’त बोललेला गिरणीतला जॉबर राहत नाही. शास्त्रीय संगीत राहतं. ‘वनिता मंडळा’तली लोणच्याची कृती राहत नाही. ‘पुन्हा प्रपंच’ ऐकायला सारी चाळ आपापल्या दारात थांबायची. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे पंत ही आमच्या घरातली नात्याची माणसं होती. शहर स्वतःशी कसं बोलत होतं हे कळायचं तर मला राष्ट्रपतींपेक्षा टेकाडे भाऊजी हवेत.

याच काळात मुंबईचा एक आवाज तर परदेशातून येत होता. आकाशवाणीनं सिनेसंगीताकडे पाठ फिरवली, आणि ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत, टेपा विमानानं कोलंबोला जात आणि तिथून लघुलहरींवर परत मुंबईच्या खिडक्यांत येत. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला आली ती या गळतीवरचा उपाय म्हणून. सयानींनी स्वतःकडचा ठेवा सांभाळला, पुढे त्यातून ‘गीतमाला की छाँव में’ हा संच निघाला. आपला आवाज हीच आपली मिळकत असं मानणाऱ्या व्यावसायिकाची शिस्त त्यामागे होती. पगारी नोकरीतल्या निवेदकानं असं काही घरी नेलं असतं तर ती चोरी ठरली असती!

पुण्याचं ‘गीतरामायण’ इथे आठवल्याशिवाय राहत नाही, जरी ते शेजारच्या शहराचं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि ५६ आठवडे चाललं. ते पुसलं जाणं शक्यच नव्हतं. गीतं वर्तमानपत्रांत छापली जात होती, लोक ती वहीत उतरवत होते, पुढे बाबूजींनी ती गावोगाव गायली. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे किती निरनिराळे गळे होते हे मात्र पुष्कळांना नव्यानं सांगावं लागतं. रचना राहिली. रेडिओवरची ती विशिष्ट सकाळ मात्र एका मोठ्या आवाजाच्या सावलीत गेली.

२ ऑक्टोबर १९७२. वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढल्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्याला दिसू लागलं. ‘आमची माती आमची माणसं’, विनायक चासकरांचा ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’, ‘संताकुकडी’, तबस्सुमचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’, गुरुवारी किंवा शुक्रवारी कुणाच्या घरी जाऊन बसायचं याची ‘छायागीत’निष्ठ गणितं. बातम्या देणाऱ्यांत स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांच्या रूपानं घराघरांत आला तो याच दशकात.

वाचकांपैकी ज्यांचं बालपण तेव्हाचं आहे त्यांना यातलं सारं ‘दिसतं’. पण प्रत्यक्ष पाहायला काय मिळतं याची यादी करायला बसलं की हात आखडतो. पुष्कळसं थेट प्रक्षेपण होतं. टेप झालं तेही पुन्हा त्याच टेपवर दुसरं काही घ्यायचं म्हणून पुसलं जाई. व्हिडिओ टेप परदेशी, परकीय चलनात घ्यायची. बातम्यांचं निवेदन जपायचं असतं असं तेव्हा कुणाला वाटणार? आणि हा आपल्याच गरिबीचा दोष नव्हे. श्रीमंत बीबीसीनं १९७८ पर्यंत ढिगांनी कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या लाडक्या मालिकेचे शंभराच्या आसपास भाग गहाळ झाले. नासानं तर चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ टेपा टेपांच्या टंचाईत पुसून वापरल्या. सेलोटेपचा तुकडा तिथेही होता, फक्त आकारानं मोठा.

‘डॉक्टर हू’ची गोष्ट इथे फार उपयोगी आहे. चित्र गेलं तरी गहाळ भागांचा आवाज राहिला आहे, सगळ्याच्या सगळ्या भागांचा. का, तर इंग्लंडमधल्या काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते टेप केले होते. आपल्याकडेही कुणीतरी ‘गजरा’ लागला असताना शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवला असेल का? मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारतो. आतापर्यंत मला दोन कॅसेट मिळाल्या. एकीत एका नाटुकलीचा सात मिनिटांचा आवाज आहे, दुसरीत ‘साप्ताहिकी’. पुढच्या आठवड्यात काय काय पाहायला मिळेल हे निवेदिका सांगते आहे, आणि मागे कुणाचं तरी बाळ रडतं आहे.

यातून एक उलटं चित्र उभं राहतं, जे मला सुरुवातीला लक्षात आलं नव्हतं. कॅसेट रेकॉर्डर १९७० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत शिरला. व्हीसीआर १९८० च्या दशकात, आणि तोही चाळीत एखाद्याकडे. म्हणून मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दहा वर्षांपेक्षा त्याच दहा वर्षांतला मुंबईचा रेडिओ घराघरांत जास्त शिल्लक आहे. जे माध्यम नवं आणि झगझगीत, त्याचीच पाटी अधिक कोरी.

ही शिल्लकसुद्धा फार दिवसांची नाही. कॅसेटमधली टेप ३.८१ मिलिमीटर रुंद. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये तिची जाडी १८ मायक्रॉनच्या आसपास, नव्वदच्या कॅसेटमध्ये त्याहूनही कमी. प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे कण एका चिकट द्रव्यानं बसवलेले असतात. आवाज म्हणजे त्या कणांचं चुंबकीय वळण. मुंबईची हवा या सगळ्याची वैरीण. बुरशी धरते, वेटोळी एकमेकांना चिकटतात, टेपला दाबून धरणारी वाटण्याइतकी फेल्टची गादी गळून पडते. मोठ्या रिळांच्या काही जातींत ते चिकट द्रव्यच हवेतली वाफ शोषून लिबलिबीत होतं. प्रयोगशाळेत अशी रिळं पन्नासएक अंशांवर तासन्‌तास शेकून तात्पुरती सुधारतात. (कृपा करून हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका. मला विचारणारे भेटले आहेत, म्हणून सांगतो.) आणि टेप धडधाकट असली तरी ती वाजवणारं यंत्र कुठे आहे? लॅमिंग्टन रोडला ज्या दुकानात मी रबरी पट्टे आणि हेड आणायचो तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

म्हणून माझी पद्धत सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होवो. कॅसेट आधी नुसती पाहायची, वाजवायची नाही. पांढरी बुरशी दिसली तर जाणकाराकडे द्यायची, नाहीतर एका कॅसेटची बुरशी यंत्रातून दुसरीला लागते. गादी गळली असेल तर पट्टी काढून दुसऱ्या डबीत बसवायची. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून मग वाजवायची. हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला जुळवायचा, कारण ती ज्या यंत्रावर टेप झाली त्याचा कोन वेगळा असतो. तो जुळला की धुकं हटल्यासारखा आवाज उघडतो. संगणकावर घेताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घ्यायचं. तासाला साधारण दोन जीबी जागा लागते, आज ती महाग नाही. खरखर काढायची नाही. ज्याला काढायची त्यानं प्रत करून तिच्यावर काढावी. आणि मूळ कॅसेट फेकायची नाही, तिच्यावरच्या अक्षरासकट ठेवायची.

कायद्याची भीती पुष्कळांना असते. प्रताधिकार कायद्याच्या ३७ व्या कलमानं प्रक्षेपकाला आपल्या प्रक्षेपणावर मिळणारा हक्क २५ वर्षांचा आहे. १९७०-८० मधल्या प्रक्षेपणांवरचा तो कधीच संपला. पण त्यातल्या गाण्याचा, नाटुकलीच्या संहितेचा, ध्वनिमुद्रिकेचा हक्क वेगळा आणि लांब पल्ल्याचा. तेव्हा घरातल्या कॅसेटची प्रत करून ठेवणं एक आणि ती जगाला वाटणं दुसरं. दुसऱ्याची घाई नको. पहिल्याला मात्र उशीर झालेला आहे.

सर्वांत अवघड काम यंत्राचं नाहीच. आवाज मिळतो, पण तो कुणाचा? निवेदकानं नाव सांगेपर्यंत बाबांचं बोट बटणावर गेलेलं असतं. म्हणून उपनगरातल्या एका वाचनालयात आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाच-सहा जण जमतो. साठी-सत्तरीच्या पुढचे लोक येतात, मी एकेक तुकडा लावतो. ‘हा तर अमुक, त्याचा ‘ळ’ असाच’, असं कुणीतरी म्हणतं. दुसरं कुणी भांडतं. एक बाई आयुष्यभर गिरणगावात राहिलेल्या. त्यांना मधल्या जाहिरातींवरून वर्ष सांगता येतं. दोघांचं एकमत झालं तरच नाव लिहायचं, एरवी प्रश्नचिन्ह. मग दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या वृत्तपत्रांतले ‘आजचे रेडिओ कार्यक्रम’ उघडून पडताळायचं. शताब्द्यांचे समारंभ मी पाहिले आहेत. शाल, श्रीफळ आणि माहितीपट. आमच्या रविवारी चहा आणि वाद असतो. उत्सव म्हणून मला तोच पुरतो. गेल्या दोन वर्षांत त्या सहांपैकी दोघी गेल्या, आणि त्यांना ओळखू येणारे किती आवाज त्यांच्याबरोबर गेले याचा हिशोब नाही.

आता आईची कॅसेट. ती मी सर्वांत शेवटी लावली, बाकीच्या चाळीस झाल्यावर.

भाषणाचा कागद माझ्याकडे होता. नभोवाणीवर बोलायचं तर संहिता आधी द्यावी लागे, मानधनाच्या करारावर सही करावी लागे. आईनं तिच्या संहितेची कार्बन कॉपी आणि तो करार, दोन्ही कुंकवाच्या करंड्याखाली ठेवले होते. विषय : ‘नळावरचा वेळ’. चाळीतल्या सार्वजनिक नळावर बायकांचा जाणारा वेळ आणि तिथे होणारी देवाणघेवाण, दहा मिनिटं, टंकलिखित पाच पानं. भाषा अगदी शाळेच्या निबंधातली : ‘नळास’, ‘स्त्रियांस’, ‘तद्वत’. वाचताना मला ती आई वाटलीच नव्हती.

कॅसेटच्या त्या बाजूला माझी गाणी आहेत. मध्ये मी स्वतः बेसूर म्हणतो आहे. मग कुणीतरी मला हाक मारलेली असावी, कारण अर्ध्या कडव्यात खट् असा आवाज येतो आणि गाणं तुटतं. त्याच्या पुढे, जिथवर मी पोचलो नाही तिथे, जुनं राहिलं आहे. अकरा सेकंद.

रेडिओवरची आई शेवटचं वाक्य बोलते. कागदावर ‘नळास’ आहे. ती ‘नळाला’ म्हणते, आणि ‘तद्वत’ गाळते. किंचित हसते. मग निवेदिका : आत्ताच आपण ऐकलंत... आणि नाव यायच्या आत खोलीतून, रेडिओपासून बरंच लांबून, बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून, तोच आवाज येतो. भाषण आधी ध्वनिमुद्रित झालं होतं, त्यामुळे प्रक्षेपणाच्या दुपारी ती घरीच होती. कुकरची शिट्टी होते. ती म्हणते, ‘अहो, पुरे आता. बंद करा ते.’

बाबांनी लगेच बंद केलेलं नाही. आणखी दोन सेकंद आहेत, त्यांत शिट्टी उतरत जाते.

आमच्या यादीत ही नोंद ४१ व्या क्रमांकावर आहे. कार्यक्रम : वनिता मंडळ, मुंबई. वर्ष : १९७८. कालावधी : ११ सेकंद. स्थिती : उरलेलं पुसलं गेलं. कुणी, हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता; तो मी वाढवून घेतला.